नऊ नंबरवाल्याचा सत्कार

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. मी जळकी बाई आहे. साताऱ्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. समोरच्या केंद्रापुढं एक गिऱ्हाईक जास्त दिसलं की माझी तव्यावरची पोळी करपलीच म्हणून समजा. त्यामुळं कडेगाव आणि सांगलीला जाऊन आल्याची ही हकीकत वाचताना कुणाला वाटलं, की ही बाई सारखी दुसऱ्याच्या ताटात डोकावतेय, तर अगदी बरोबर वाटलं. मी गेलेच होते त्यासाठी.

माझा धाकटा भाऊ किरण. आमच्या जावळीत, मेढ्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बैठं काम धरलं, कारण फार वेळ उभं राहणं त्याला झेपत नाही. त्याला हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्त गोठायला जे लागतं ते त्याच्या रक्तात जन्मापासून कमी. लागलं-खरचटलं तर रक्त थांबत नाही हे लोकांना कळतं. पण खरं दुखणं दिसत नाही ते. काही न लागताही आतल्या आत गुडघ्यात रक्त उतरतं. गुडघा टम्म फुगतो, गरम होतो, आणि प्रत्येक वेळी सांधा थोडा थोडा खराब होत जातो. त्याचा डावा गुडघा आता पुरता सरळ होत नाही.

रक्त गोठवणाऱ्या गोष्टींना डॉक्टर लोकांनी नंबर दिलेत. कुणाच्या रक्तात आठवा कमी असतो, कुणाच्या रक्तात नववा. आठवाले पुष्कळ, नऊवाले थोडे. किरण नऊवाला. नऊचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं, पण ते रक्त उतरल्यावर, धावतपळत गेल्यावर. उतरूच नये म्हणून आधीच, नेमानं द्यायला कुठून आणणार?

किरणचा जिवाभावाचा दोस्त म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचा इरफान नदाफ. गाद्या-उशा करणाऱ्यांच्या घरचा. एका शिबिरात दोघं भेटले, दोघंही लंगडत होते, दोघांनी एकमेकांचे गुडघे बघितले आणि तिथंच गट्टी जमली. तेव्हापासून रोज फोन. तुझा सुजला का, माझा सुजला, बर्फ लाव, दही-भात खा, असल्या गप्पा. मला इरफान आवडायचा. खरं सांगते, आवडायचा.

मग इरफानला औषध सुरू झालं. तो आठवाला. आठवाल्यांसाठी एक नवीन इंजेक्शन निघालंय. पोटाच्या कातडीत घ्यायचं, महिन्यातून एखाद-दोनदा, की पुन्हा रक्त उतरायची भीती जवळजवळ नाहीच. त्याची किंमत आमच्यासारख्यांनी विचारूसुद्धा नये अशी. पण परदेशातल्या एका अतिश्रीमंत माणसाच्या संस्थेनं काही देशांत ते फुकट द्यायला घेतलं, त्यात आपला देश, देशात मोजके जिल्हे, आणि त्या मोजक्यात सांगली आली. साताऱ्याचं नशीब नाही आलं.

झालं. इरफानचे फोन बदलले. "आज हिरीत उडी मारली गड्या." "आज गाडीवर विट्याला जाऊन आलो." किरण मला हे सगळं हरखून सांगायचा आणि मी कणीक तिंबत तिंबत ऐकायची. ती कणीक त्या दिवशी लोकांना फार मऊ लागत असणार, इतकी मी तिला बुकलत होते.

मग एक दिवस इरफानचाच फोन आला. कडेगावात मोठा कार्यक्रम आहे, संस्थेच्या मॅडम येणार आहेत. "ताईला घिऊन ये. मॅडमला तोंडावर सांगू, नऊवाल्यांचं बी बघा म्हनावं. कागदानं न्हाई हुत गड्या, मानूस बघितल्यावर हुतं."

म्हणून आम्ही निघालो.

सातारा ते कडेगाव

शुक्रवारी सकाळी साताऱ्याच्या स्टँडवरून एस.टी. धरली. किरणला खिडकीकडं आडवं बसवलं, म्हणजे पाय लांब करता येतो. पाचगणीकडची स्ट्रॉबेरी आणि कंदी पेढे असं दोन्ही बरोबर घेतलं होतं, नदाफांच्या घरी द्यायला. एका आजोबांनी उंब्रजजवळ चढताना आपलं गाठोडं बरोब्बर स्ट्रॉबेरीच्या खोक्यावर टेकवलं. किरणच्या गुडघ्यावर टेकवलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले आणि आजोबांना मात्र चार शब्द सुनावले. ते म्हणाले, "आवं बाई, फळंच हायती, पोटात जाऊन चेंगरायचीच की." लाल पाणी माझ्या साडीवरून ओघळत होतं.

आता रस्त्याचं सांगते. आमच्या जावळीत पाऊस असा पडतो की चार महिने कपडे वाळत नाहीत. पण ते पाणी आमच्याकडं थांबत नाही. वेण्णा आमच्या दारावरून जाते आणि माहुलीला कृष्णेला मिळते, आणि दोघी मिळून निघतात खाली, कऱ्हाड-सांगलीकडं. कऱ्हाडच्या पुढं जे रान दिसायला लागतं ते बघून माझं डोकं फिरलं. जिकडं बघावं तिकडं ऊस. काळी, तेलकट माती. उसाच्या गाड्या ओळीनं चाललेल्या, बैलांच्या शिंगांना गोंडे. आमच्याकडं डोंगरउतारावर नाचणी-वरी काढायची तर कंबर मोडते, आणि इथं पाणी आमचं, मजा यांची! मी किरणला तसं म्हटलंही. तो हसला. "ताई, पान्याचं बी वाईट वाटतंय व्हय तुला?"

"वाटणारच. पावसात भिजतो आपण."

"आता मॅडमसमोर काय बोलायचं ते म्हनून बघू का?" त्यानं विचारलं.

वाटभर आम्ही ते वाक्य घोकत होतो. मीच बसवून दिलं होतं. 'मॅडम, मी नऊ नंबरवाला आहे. माझा गुडघा अजून वाचू शकतो. आमच्यासाठीही औषध आणा.' लांबड लावायची नाही, रडायचं नाही, एवढं म्हणून थांबायचं. कऱ्हाडला चहा घेतला तेव्हा, कडेगावच्या गाडीत बसल्यावर, किरणनं ते इतक्या वेळा म्हटलं की पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "पाठ झालं की आता मलाबी."

कडेगावच्या स्टँडवर इरफान मोटारसायकलवरून आला. गाडी स्टँडला लावली, पाय टाकून टणकन् उतरला आणि पळत आला. पळत! मी त्याला शेवटचं पाहिलं होतं तेव्हा तो भिंतीला धरून चालत होता. दोघांनी मिठी मारली. इरफानचे दंड भरलेले, चेहऱ्यावर तजेला, आणि माझा किरण त्याच्या मिठीत काडीसारखा. एकाच वयाचे दोघं. आनंद व्हायला पाहिजे होता, नाही झाला.

नदाफांच्या घरी

घर म्हणजे पुढं कारखाना, मागं राहायचं. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. नदाफ चाचा, इरफानचे वडील, नाका-तोंडाला रुमाल बांधून गादी शिवत होते, तसेच उठून आले. चाचींनी माझा हात हातात धरला तो सोडलाच नाही. चेंगरलेली स्ट्रॉबेरी बघून म्हणाल्या, "आसूं दे की बाई, सरबत करू." आणि खरंच केलं, आणि फार सुरेख झालं. मला हे का सुचलं नव्हतं, असं मनात आलंच.

जेवायला आख्खा मसूर, शाळूची भाकरी, दही, आणि मिरचीचा ठेचा. आता स्वयंपाक हा माझा धंदा. भाकरी बघितली की मला कळतं कोण किती पाण्यात आहे. चाचींची भाकरी कागदासारखी पातळ, आणि पापुद्रा सगळीकडून सारखा सुटलेला. मी तीन खाल्ल्या आणि प्रत्येक घासाला मनात म्हटलं, ही बाई सातारला आली तर माझं दुकान बंद. आमच्याकडं मसुराला असला मान नाही. आमच्याकडं मसूर म्हणजे घरात काही नसलं की करायचं. इथं त्याच्यासाठी लोक हॉटेलात जातात म्हणे.

जेवताना चाची लेकाची तक्रार सांगत होत्या. यंदा मोहरमला इरफाननं ताबुताला खांदा दिला. कडेगावचे ताबूत म्हणजे घरांच्या वर जाणारे, अख्खं गाव, सगळ्या जातींची माणसं उचलायला. "मी नको नको म्हनतीया आन् ह्यो घुसला. डाक्टर काय म्हनंल, सांगा की बाई."

त्या तक्रार करत होत्या, पण तोंडावरून सुख नुसतं सांडत होतं. आमच्या गावच्या यात्रेत पालखी उचलतात तेव्हा किरण पारावर लोकांच्या चपला सांभाळत बसतो. मी भाकरीचा घास तसाच हातात धरून बसले. किरण मात्र, "किती जड आसतंय रं?" म्हणून विचारत होता.

आणि मग मी तो फ्रिज बघितला. मधल्या खोलीत छोटा फ्रिज, आणि त्याच्या दाराला लिंबू-मिरच्या टांगलेल्या! लोक गाडीला बांधतात, दुकानाला बांधतात. फ्रिजला मी पहिल्यांदाच बघितलं. चाची जरा लाजून म्हणाल्या, "आवशद ऱ्हातंय त्यात. लोकांची नदर लय वाईट आसती."

मी बरं म्हटलं. पण पाणी पिताना माझी नजर तिकडंच. एकदा तर त्या आत दही ठेवायला गेल्या आणि दार उघडलं, तर वरच्या कप्प्यात पांढरा डबा. एवढासा. त्या एवढ्याशा डब्यात इरफानचं पळणं होतं, विहिरीतली उडी होती, ताबुताचा खांदा होता. मला तो उचलून पदराखाली घालावासा वाटला. किरणला त्याचा उपयोग नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी वाटला.

दिवेलागणीला चाचींनी इरफानची दृष्ट काढली. हे मात्र आमच्यासारखंच, मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. मिरच्या जळल्या तरी ठसका आला नाही तर नजर जबर, हेही तसंच. मिरच्या चांगल्या मूठभर टाकल्या होत्या, आणि कुणाला साधा खोकला आला नाही. चाची चुलीकडं बघत बसल्या. मी उठले आणि उगाचच भांडी आवरायला लागले.

मंडपात

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात मांडव. मांडवाच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स, त्यावर त्या श्रीमंत माणसाचा फोटो. पांढरे केस, निळा शर्ट, हसरा, कुठल्याही घरातला आजोबा शोभेल असा. खाली गावातल्या पुढाऱ्यांचे फोटो गळ्यात साखळ्या घालून. तो माणूस कुठल्या देशाचा यावर मांडवात एकमत नव्हतं. एकजण म्हणाला अमेरिका, दुसरा म्हणाला, न्हाई, बर्फाचा कुठला तरी देश. त्याच्याकडं पैसा किती यावरही चर्चा झाली. "आपला साखर कारखाना हाय न्हवं? तसलं सगळं मिळून घेतलं तरी त्येला सुटं पैसं मोडावं लागायचं न्हाईत," असं एकानं सांगून टाकलं आणि ते सगळ्यांना पटलं.

आता इकडची एक रीत सांगते, कारण सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. साताऱ्यातही मानपान आहे, पण कडेगावात ते फारच. कार्यक्रमाला बाहेरगावचा माणूस आला आणि तो बिनफेट्याचा परत गेला तर गावाला कमीपणा. फेटेवाला आधीच येऊन उभा असतो. पुढच्या रांगेत जो पुरुष दिसेल त्याच्या डोक्याला तो फेटा बांधत सुटतो, तू कोण म्हणून विचारत नाही. किरण इरफानशेजारी पुढं बसला होता. पाच मिनिटांत दोघांच्या डोक्यावर भगवे-गुलाबी फेटे. मी बायकांत मागं बसलेली. मला वाटलं, बरं दिसतंय, असू दे.

मॅडम आल्या. चाळिशीच्या, सुती साडी, मुंबईकडच्या. स्वागत झालं, दीप लावला, भाषणं झाली. सूत्रसंचालन करणारे एक मास्तर होते, त्यांना दर दोन वाक्यांनी शेर सुचत होता. त्यांनी इरफानला स्टेजवर बोलावलं, मग आणखी दोघा-तिघा आठवाल्यांना. प्रत्येकाला मॅडमच्या हातून शाल आणि नारळ. आणि मग मास्तरांनी पुढच्या रांगेत अजून एक फेटा शिल्लक पाहिला. खाली वाकून नाव-गाव विचारलं आणि माईकवर गर्जले, "आन् आता थेट जावळीच्या डोंगरातून आल्याले आपले लाभार्थी, किरणराव!"

लाभार्थी! मी उभीच राहिले. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. किरण एकदा मागं माझ्याकडं बघून, पाय ओढत स्टेजवर गेला. शाल पांघरली गेली, नारळ हातात आला, फोटोवाला म्हणाला इकडं बघा. मी मनात म्हटलं, असू दे, चुकून का होईना, मॅडमसमोर उभा तर राहिला. आणि मास्तरांनी माईक त्याच्या तोंडाशी धरला. "दोन शब्द बोला."

यासाठीच तर आलो होतो! मी मागून हातवारे केले. बोल, बोल, नऊ नंबर, गुडघा, औषध. किरणनं हातातल्या नारळाकडं बघितलं. मग मॅडमकडं बघितलं. घसा खाकरला.

"लय उपकार हायती सायबांचे," तो म्हणाला. "माजा मैतर आता पळतुया. आमी सगळी बरी हाय. गावानं एवढा मान दिला, आमी इसरणार न्हाई."

आणि नमस्कार करून खाली उतरला. लंगडत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांडवामागं, जिथं आचारी कढया घासत होते, तिथं मी त्याला गाठलं.

"काय बोललास हे? आमी सगळी बरी हाय? कोण बरं आहे रे? वाटभर काय घोकत आलो आपण?"

"ताई, अंगावर शाल घातल्यावर मागायचं कसं? मान घेतला आन् लगेच हात पसरला, आसं करत्यात व्हय?"

"तो मान काय गुडघ्याला बांधून फिरणार आहेस का? त्यांनी शूटिंग केलंय. आता जगभर दाखवतील, हा बघा बरा झालेला!"

किरण फेटा काढायला गेला, तर तो घट्ट बांधलेला, निघेना. तेवढ्यात इरफान आला. "ताई, चूक माजी हाय. मास्तरला मी आदी सांगाय पायजे हुतं. चला, मी बोलतो मॅडमशी."

मी फटकन् म्हणाले, "तू कशाला बोलतोस? तुझं भागलंय."

इरफानचा चेहरा उतरला. किरण माझ्याकडं असा बघायला लागला, की जणू मी कुणी परकी बाई आहे. मला बोललेलं परत गिळता आलं असतं तर मी गिळलं असतं का? त्या वेळी तरी नाही.

जेवणावळ सुरू झाली. मसालेभात, वांग्याची भाजी, गव्हाची खीर. खीर उत्तम होती, पण मला चव लागत नव्हती. मी ताट घेऊन सरळ मॅडमच्या शेजारी जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या घास थांबवून ऐकत होत्या.

"पण ते तर आत्ता म्हणाले, सगळे बरे आहोत."

"नारळ हातात असताना खोटं बोलला तो. मानापायी. तो नऊवाला आहे, त्याला तुमचं औषध चालत नाही. नऊसाठी काही करा, एवढंच सांगायला आम्ही आलो होतो."

त्या खरंच हळहळल्या. नाटक नव्हतं ते, मला माणूस कळतो. म्हणाल्या, "ताई, आमची संस्था फक्त आठवर काम करते. औषधही त्याचंच, संशोधनाला पैसाही त्यालाच."

"का पण? नऊवाल्यांच्या गुडघ्यात काय वेगळं रक्त उतरतं?"

"साहेबांच्या नातवाला आठचा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्यामुळं हे सगळं सुरू झालं. नातू लहान असताना त्यांनी स्वतः त्याचे गुडघे बर्फानं शेकलेत म्हणतात."

"आणि नऊवाल्यांचं कोण करतं?"

"सरकारं करतात थोडं. पण असं, एवढं मोठं... नऊला तसं कुणी अजून भेटलेलं नाही."

भेटलेलं नाही. मी खिरीत चमचा फिरवत बसले. मला त्या आजोबांचा राग धड येईना. त्यानं काय वाईट केलं? नातवाचा गुडघा शेकला, कळवळा आला, हातात पैसा होता, तो ओतला. माझ्याकडं असता तर मी नऊवर ओतला असता आणि आठवाल्यांकडं ढुंकून बघितलं नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण मग काय म्हणायचं याला? सातासमुद्रापार कुणाच्या तरी पाळण्यात कुठलं दुखणं निघतं, त्यावर कडेगावच्या इरफाननं पळायचं आणि मेढ्याच्या किरणनं लंगडायचं? आम्ही मत देऊन निवडून आणतो त्या माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात. या आजोबांना शिव्याही घालता येत नाहीत, कारण चांगला आहे तो.

मॅडमनी सांगलीच्या एका डॉक्टरांना फोन केला. उद्या भावाला दाखवून या म्हणाल्या, पैसे घेणार नाहीत.

सांगली

रविवारी सकाळी नदाफ मंडळी स्टँडवर पोचवायला आली. चाचींनी गुडघ्याखाली ठेवायला म्हणून मऊ कापसाची छोटी उशी शिवून आणली होती. माझ्या नजरेचं त्यांना कळलं नसेल असं नाही, तरी उशी आणली. माणसं इतकी चांगली असली की आणखीच जळफळाट होतो. इरफाननं पिशव्या वर चढवल्या आणि खिडकीशी येऊन उभा राहिला. "ताई, राग गेला का?"

"नाही," मी म्हणाले. "पण तुझ्यावरचा गेला."

तो हसला. गाडी सुटली तसा तो थोडं अंतर गाडीबरोबर पळाला. किरणनं हात केला. मी पण केला.

सांगलीचे डॉक्टर म्हातारे, मोजकं बोलणारे. त्यांनी गुडघा वाकवला, सरळ केला, दाबून बघितला, जुने फोटो उजेडात धरले. म्हणाले, "सांधा अजून गेलेला नाही. नऊचं इंजेक्शन नेमानं मिळालं, रक्त उतरायच्या आधी, तर हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या पायावर चालेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर काही वर्षांत सांधा आखडेल. मग चालणं काठीवर, नाहीतर त्याहून वाईट." ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, नऊसाठीसुद्धा नवीन चांगली औषधं निघालीत. निघाली नाहीत असं नाही. इथपर्यंत आणायला कुणीतरी लागतं."

बाहेर आलो. किरण भडंग घेऊया म्हणाला. सांगलीचं भडंग आम्ही साताऱ्यात खातो ते नाही, इथलं ताजं, लसणीचा वास पार रस्त्यापर्यंत. दोन पुडे घेतले. मग म्हटलं आलोच आहोत तर गणपतीचं दर्शन घ्यावं. देऊळ काळ्या दगडाचं, स्वच्छ, प्रशस्त. आमच्याकडच्या देवळांत पाय ठेवायला जागा नसते, आणि इथं देवालासुद्धा ऐसपैस. मागं कृष्णा, रुंद, संथ, डोळ्यांत मावत नव्हती. आमच्या डोंगरातून निघताना नुसती उड्या मारत असते.

किरणचा पाय तोवर भरून आला होता. तो आवारातल्या झाडाखाली कट्ट्यावर बसला, मी रांगेत गेले. सोंडेचं, डोळ्यांचं दर्शन झालं. हात जोडले. आणि किरणचा गुडघा बरा कर, असं म्हणायला गेले तर ते तोंडातून निघेना. किती वर्षं तेच म्हणतेय. देव तरी काय करणार, औषध आणायला त्यालाही कुणीतरी लागतं. मग मी दुसरंच मागितलं. अगदी स्पष्ट, शब्दांत मागितलं. मागची बाई सरका म्हणाली तरी पुरतं मागूनच सरकले.

बाहेर आले तर किरण भडंगाचा पुडा फोडून बसला होता. "एवढा येळ काय मागत हुतीस?"

दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. त्याला सांगितलं.

"म्हटलं, गणपतीराया, जगात एवढे पैसेवाले आहेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्या कुणाच्या तरी घरात नऊ नंबरवालं पोर जन्माला घाल. नातू घाल. त्याच्या गुडघ्यात रक्त उतरू दे. त्या आजोबाला रात्रभर शेकत बसू दे. म्हणजे येईल किरणचं औषध."

किरणचा हात पुड्यातच राहिला. मला वाटलं, आता चिडेल, काय बोलतेस म्हणेल. त्यानं मग पाय हातानं उचलून जरा सरळ केला.

"त्या पोराला भैन हाय का?"

"कुणाला?"

"त्याच की. तू मागितल्याल्या." तो म्हणाला, "मोठी घरं ती, आई-बाप कामात असत्याल. आजोबा म्हातारा, पुरायचा न्हाई. शाळंत पोरं ढकलत्यात, खेळाय घेत न्हाईत, तवा त्येच्या संगं कोन बसंल? एक भैन पायजे गं, मोठी. जा, परत जाऊन माग."

मी मग चपला पुन्हा काढल्या आणि पुन्हा रांगेत लागले. आधीचं मागणं मी मागं घेतलं नाही. त्यात फक्त एक बहीण घातली.